वाऱ्याचे घर

हवापालट हा शब्द आता आपल्या घरांतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माझ्या लहानपणी बडोद्यात, दांडिया बाजारात काय किंवा रावपुऱ्यात काय, प्रत्येक कुटुंबाला त्याचा अर्थ पक्का ठाऊक असे. घरातले कोणी सारखे खोकू लागले, संध्याकाळचा बारीक ताप हटेना, अंगावरचे मांस उतरू लागले, की डॉक्टर घरच्या कर्त्या पुरुषाला बाजूला घेऊन हवापालट सुचवीत. मग कोणाच्या तरी ओळखीने परगावी चार महिन्यांसाठी घर भाड्याने घेतले जाई. स्टोव्ह, पातेली, गाद्यांच्या वळकट्या आगगाडीत चढत आणि रोग्याबरोबर घरातली एखादी वडीलधारी बाई रवाना होई. रोगाचे नाव मात्र कोणी घेत नसे. क्षय हा शब्द शेजारी ऐकू गेला तर घरातल्या मुलींची लग्ने अडत.

अशाच एका हवापालटाची हकीकत आज सांगायची आहे. ती १८३८ सालची, युरोपातली आहे आणि तिच्यातला रोगी जगप्रसिद्ध आहे. पियानो या वाद्याचे नाव काढले की ज्याचे नाव आपोआप निघते, तो फ्रेडरिक शोपँ. त्याच्या चरित्रातल्या या साडेतीन महिन्यांवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. पण बहुतेकांना त्यात एक प्रेमकथा दिसते. मला तीत पहिल्यापासून घरमालक आणि भाडेकरू दिसत आले. तसे का, तेही पुढे सांगतोच.

शोपँ जन्मला १८१० साली, वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा व्होला या खेड्यात. वडील फ्रान्सातल्या लॉरेन प्रांतातून पोलंडात येऊन स्थायिक झालेले, फ्रेंच भाषेचे शिक्षक, आई पोलिश. घरात शाळकरी मुलांची खाणावळ व वसतिगृह चाले. तीन बहिणींत हा एकटा भाऊ. सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापली गेली आणि वॉर्सातल्या सरदार घराण्यांतून त्याला वाजवण्यासाठी बोलावणी येऊ लागली. धाकटी बहीण एमिलिया १८२७ साली चौदाव्या वर्षी गेली. तीही खोकत आणि रक्त टाकत. म्हणजे घरात हा पाहुणा आधीच येऊन गेला होता. विसाव्या वर्षी, नोव्हेंबर १८३० मध्ये, त्याने वॉर्सा सोडले. तो महिना संपायच्या आत तेथे रशियाविरुद्ध उठाव झाला, पुढल्या वर्षी तो चिरडला गेला, आणि शोपँ मायदेशी पुन्हा कधीही परतू शकला नाही. १८३१ च्या शरदात तो पॅरिसला पोहोचला व एका पाचव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात राहू लागला. त्यानंतरचे सारे आयुष्य त्याने भाड्याच्या जागेत काढले.

पॅरिसने त्याला उचलून धरले. मोठ्या सभागृहात वाजवणे त्याला मानवत नसे. साऱ्या जन्मात त्याने जाहीर कार्यक्रम दिले ते तीसच्या आसपास. तो शिकवणीवर जगे. एका शिकवणीचे वीस फ्रँक, ही त्या काळी चांगली घसघशीत रक्कम होती. विद्यार्थिनी बहुतेक उमरावांच्या लेकीसुना. त्यामुळे याला स्वतःची गाडी, पांढरे हातमोजे, उत्तम शिंप्याचे कपडे हे सारे ठेवावे लागे. आपल्याकडे दरबारी गवयाला भरजरी पागोटे ठेवावे लागे, तसलाच तो प्रकार. मारिया व्होजिन्स्का या पोलिश मुलीशी त्याचे लग्न ठरले होते, ते मोडले. मुलीकडच्यांनी त्याच्या प्रकृतीचा धसका घेतला होता, असे बहुतेक चरित्रकार मानतात. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको.

यानंतर त्याच्या आयुष्यात जॉर्ज सांद आली. हे नाव पुरुषाचे, पण लिहिणारी बाई. खरे नाव ऑरोर. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवऱ्यापासून कायद्याने विभक्त, दोन मुलांची आई आणि फ्रान्समध्ये गाजलेली कादंबरीकार. ती पुरुषी वेष करी व चिरूट ओढी. पहिल्या भेटीत शोपँला ती मुळीच आवडली नव्हती. दीड-दोन वर्षांनी, १८३८ च्या उन्हाळ्यात, दोघे एकत्र आले. सांदबाईंचा मुलगा मोरिस पंधरा वर्षांचा. त्याला संधिवाताने पछाडले होते. शोपँचा खोकला तर होताच. शिवाय सांदबाईंचा आधीचा एक प्रेमिक भांडणावर आलेला होता आणि पॅरिसमध्ये कुजबुज वाढत होती. अशा वेळी माणसे डॉक्टरांचा सल्ला फार मनापासून मानतात. दक्षिणेला, उन्हात जायचे ठरले, आणि स्पेनच्या पूर्वेला भूमध्य समुद्रातले मायोर्का हे बेट पसंत झाले.

पसंत कशावरून केले? ऐकीव माहितीवरून. तेथे बारा महिने ऊन असते, संत्री-लिंबे झाडावर लगडलेली असतात, राहणी स्वस्त आहे, असे कोणी कोणी सांगितले होते. घर आधी ठरवले नव्हते. हिवाळ्यात पाऊस किती पडतो, याची विचारपूस नव्हती. शोपँने खर्चासाठी आपल्या चोवीस छोट्या रचनांचा, म्हणजे प्रेल्यूडांचा, सौदा प्लेएल या पियानोच्या कारखानदाराशी दोन हजार फ्रँकांना केला, त्यातले पाचशे आगाऊ उचलले, आणखी थोडे कर्ज काढले आणि तो निघाला. सांदबाई मुलांना व एका दासीला घेऊन पुढे गेल्या होत्या. चारचौघांच्या नजरेला पडू नये म्हणून दोघांनी पॅरिस एकत्र सोडले नाही. भेट थेट पेर्पिन्याला झाली. तेथून जहाजाने बार्सिलोना आणि बार्सिलोनाहून एल मायोर्किन या आगबोटीने पाल्मा. ८ नोव्हेंबर १८३८ रोजी ही मंडळी बेटावर उतरली. ही आगबोट मुख्यतः बेटावरची डुकरे विक्रीसाठी बार्सिलोनाला नेण्याच्या कामाची होती. येताना ती रिकामी असल्याने पाहुण्यांच्या ते ध्यानात आले नाही. परतताना आले.

पाल्मात राहण्यासारखे एक विश्रांतिगृह नव्हते. स्पेनमध्ये गादीच्या वारसाहक्कावरून यादवी पेटली होती. गादीचा तंटा म्हणजे काय हे बडोदेकरांना वेगळे सांगावयास नको. त्या धामधुमीतून पळालेली कुटुंबे बेटावर येऊन राहिली होती आणि बऱ्या जागा सगळ्या भरल्या होत्या. बंदराजवळच्या एका गल्लीत, पिंपे बनवणाऱ्या कारागिराच्या वर्कशॉपवर दोन खोल्या कशाबशा मिळाल्या. खाली दिवसभर हातोडे, वर सामान जवळजवळ काहीच नाही. ज्या माणसाला पियानोचा एक स्वर जरा उतरला तरी सहन होत नसे, तो आठवडाभर तेथे राहिला.

मग गावाबाहेर, एस्ताब्लिमेंत्स या वस्तीजवळ, गोमेझ नावाच्या एका सधन गृहस्थाचा बंगला मिळाला. भाडे महिना सुमारे शंभर फ्रँक. पॅरिसच्या मानाने स्वस्त, बेटाच्या मानाने चढे. घराचे नाव सोन व्हेंत, म्हणजे वाऱ्याचे घर. नावावरूनच काही समजायला हवे होते, पण भर उन्हात घर पाहणाऱ्याला नावाचा अर्थ कधी सुचत नाही. पहिले दोन-तीन आठवडे स्वर्गसुखाचे गेले. नोव्हेंबरातही ऊन होते. ताड, कोरफडी, डाळिंबे, अंजिरे, समोर डोंगर आणि दूरवर समुद्र. शोपँने पॅरिसमधल्या मित्राला मोठ्या आनंदाने पत्र लिहून कळवले की आपण अत्यंत सुंदर जागी येऊन पडलो आहोत आणि आपण आता अधिक चांगला माणूस झालो आहोत. सांदबाईंनी तर उत्साहाच्या भरात डोंगरातल्या वाल्देमोसा गावच्या ओस मठातली एक जागाही वर्षाला पस्तीस फ्रँक देऊन धरून ठेवली. स्वस्ताई पाहून एकाऐवजी दोन घरे घेऊन ठेवणारी माणसे आपल्याही ओळखीत असतात. या खेपेला मात्र ती उधळपट्टीच कामी आली.

कारण पाऊस सुरू झाला. भिंती इतक्या पातळ की आतला चुना ओलीने फुगू लागला. घराला धुराडे नाही, म्हणून शेगड्या पेटवाव्या लागत, आणि शेगडीच्या धुराने शोपँला खोकल्याची उबळ येई. तो अंथरुणाला खिळला. पाल्मातले तीन नामांकित डॉक्टर येऊन गेले. एकाने थुंकी हुंगून पाहिली, दुसऱ्याने छाती ठोकून पाहिली, तिसऱ्याने कान लावून ऐकले; आणि रोगी मेला आहे, मरतो आहे, मरेल, अशी तीन मते पडली, असे शोपँने आपल्या पत्रात थट्टेने कळवले आहे. त्याने रक्त काढू दिले नाही व पोटीस लावून घेतले नाही, हे त्याचे नशीब. पण डॉक्टर घरातून बाहेर पडले आणि बातमी गावभर झाली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या काळी फ्रान्समधले वैद्यक क्षयाला स्पर्शजन्य मानत नसे. तो अनुवंशाने, नाजूक प्रकृतीने येतो अशी तेथली समजूत होती. स्पेन व इटलीकडे मात्र तो सांसर्गिक आहे असे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. स्पेनच्या सहाव्या फर्दिनांद राजाने १७५१ सालीच हुकूम काढला होता की अशा रोग्यांची खबर डॉक्टरांनी सरकारात द्यावी आणि त्यांचे कपडे, अंथरूण जाळून टाकावे. तेव्हा गोमेझसाहेबांनी चिठ्ठी पाठवून घर ताबडतोब खाली करण्यास सांगितले. घराला नवा गिलावा व चुना, आणि जळणाऱ्या सामानाची किंमत, हे सारे भाडेकरूंच्या माथी मारले. पाहुण्यांनी पैसे मोजले. फ्रान्सच्या वकिलाने चार दिवस आपल्या घरात आसरा दिला आणि १५ डिसेंबरला मंडळी डोंगर चढून वाल्देमोसाला गेली.

ही हकीकत मी प्रथम वाचली ती महाविद्यालयात असताना. आम्हाला एक पारशी प्राध्यापक होते; त्यांच्या घरी शनिवारी तबकड्या वाजत. तेथे शोपँ ऐकला, मग त्याचे चरित्र मागून आणले, आणि या पानावर येऊन मी थांबलो. कारण हे घर मी पाहिलेले होते. १९५२ साली माझी धाकटी आत्या वीस वर्षांची होती. गायनशाळेत शिके, तिचा आवाज वाड्याच्या तिसऱ्या चौकापर्यंत स्वच्छ ऐकू जाई. त्या पावसाळ्यात ती आजारी पडली. दिवाळीनंतर आजोबांनी पाचगणीस एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या चार महिन्यांसाठी घेतल्या, भाडे आगाऊ भरले, आणि आत्या, आजी व मी असे तिघे गेलो. मला नेले ते आजीला पाणी-दूध आणायला हाताशी पोर हवे म्हणून. सतरा-अठरा दिवस बरे गेले. मग एके पहाटे आत्याला उबळ आली आणि घरमालकाने ती ऐकली. दुपारी तो दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही. दोन दिवसांची मुदत दिली, चुन्याचे व गड्याच्या मजुरीचे पैसे मागितले आणि गादी येथेच जाळली पाहिजे म्हणाला. परसात गादी जळली. तिच्याबरोबर आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळही जळली; ती मालकाची नव्हती, पण गड्याने ती उचलून टाकली आणि आजी काही बोलली नाही. उरलेल्या भाड्यातले काही परत मिळाले नाही. आम्ही मिरजेच्या रस्त्याला लागलो.

त्या माणसाचा मला किती वर्षे राग होता हे सांगवत नाही. चरित्रातला गोमेझ भेटला तेव्हा मला वाटले, हा तोच. म्हणून पुढची पाने मी फार पक्षपाताने वाचली, आणि सांदबाई बेटकऱ्यांना जितक्या शिव्या देतील तितका मला आनंद होई.

त्या शिव्या देण्यात काही कमी करत नाहीत. आपल्या या हिवाळ्यावर त्यांनी पुढे एक पुस्तक लिहिले. ते १८४१ साली आधी एका मासिकातून आले आणि पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने. त्यात निसर्गाची वर्णने अप्रतिम आहेत. माणसांविषयी मात्र त्यांनी चोर, आळशी, अडाणी, जनावरासारखे असे काहीही म्हणायचे बाकी ठेवलेले नाही. शोपँचे नाव पुस्तकात एकदाही येत नाही. तो केवळ आजारी सोबती आहे. बेटावरच्या क्वाद्रादो नावाच्या तरुण पत्रकाराने त्याच वर्षी त्यांना खरमरीत उत्तर दिले. पुढे रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने, जो याच बेटावर देया गावी राहत असे, १९५६ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आज बेटावरच्या दुकानांतून ते पुस्तक नाना भाषांत विकले जाते. ज्यांना शिव्या दिल्या त्यांचेच नातू-पणतू त्यावर पैसे मिळवतात, ही मौज आहे.

मठ कार्थुसियन पंथाच्या संन्याशांचा होता. १८३५ मध्ये सरकारने मठ बंद करून संन्याशांना घालवले व जागा भाड्याने देण्यास काढल्या. एकेका संन्याशाची कोठी म्हणजे तीन मोठ्या कमानदार खोल्या आणि पुढे संत्र्या-डाळिंबांची लहानशी बाग, तिच्या कठड्याखाली थेट दरी. आधी तेथे राहिलेल्या एका स्पॅनिश निर्वासिताने जाताना आपले सामान यांना हजार फ्रँकांत विकले. म्हणजे घर वर्षाला पस्तीस आणि खाटा-खुर्च्या हजार! मठात आणखी तिघेच राहत: औषधे विकणारा एक माजी संन्यासी, एक पुजारी-रखवालदार, आणि मारिया आंतोनिया नावाची शेजारीण. ही शेजारीण कामाचे पैसे घेत नसे. स्वयंपाकातले उत्तम तेवढे आधी उचलून नेई. असला परोपकार आपल्या चाळींनाही परिचित आहे.

गावाशी यांचे जमले नाही. ही माणसे रविवारी चर्चमध्ये जात नाहीत, बाई व पुरुष लग्नावाचून एकत्र राहतात, दहा वर्षांची मुलगी मुलाचा पोषाख घालून हिंडते, आणि घरात क्षयाचा रोगी. शेतकरी भाजी-अंडी दामदुपटीने देऊ लागले. दुधासाठी शेळी बांधली. सांदबाई दिवसा मुलांना शिकवत, रोग्याचे पथ्य स्वतः शिजवत आणि रात्री कादंबरीची पाने खरडत, कारण पैसा त्या लेखणीतूनच यायचा होता. त्यांच्या जिभेबद्दल काहीही म्हणा, पण या बाईंनी त्याची शुश्रूषा सख्ख्या आईने करावी तशी केली. हे विसरून त्यांच्या चिरुटाबद्दलच बोलणारे चरित्रकार मला आवडत नाहीत.

आणि पियानो? प्लेएलने पॅरिसहून पाठवलेला पियानो डिसेंबराच्या उत्तरार्धात पाल्माच्या बंदरात येऊन जकात नाक्यावर अडकला. जकात मागितली ती शेकडो फ्रँक, जवळजवळ वाद्याच्या मोलाच्या निम्म्याने. हुज्जत चालली, आठवडे गेले, मागणी बरीच उतरली, आणि जानेवारीच्या मध्याला गाडीवाटेच्या दगडधोंड्यांवरून हेलकावत वाद्य मठात पोहोचले. तोवर शोपँने एका स्थानिक बनावटीच्या बेसूर पियानोवर काम चालवले होते. जवळ बाखच्या रचनांची वही होती. बाखने ज्याप्रमाणे चोवीसही स्वरपट्ट्यांत रचना केल्या, त्याचप्रमाणे शोपँचे हे चोवीस प्रेल्यूड. बरेचसे तो पॅरिसहूनच घेऊन आला होता. उरलेले त्याने येथे पुरे केले, सगळ्यांवर शेवटचा हात येथे फिरवला, आणि २२ जानेवारी १८३९ रोजी हस्तलिखित पॅरिसला रवाना केले. म्हणजे चांगला पियानो आल्यावर अवघ्या काही दिवसांत. त्यातले काही एका मिनिटाच्या आत संपतात. एखाद्या बुजुर्गाने एका बैठकीत चोवीस रागांचे नुसते मुखडे सांगावेत, आलाप करू नये, तान घेऊ नये, आणि तरी प्रत्येक राग डोळ्यांपुढे उभा राहावा, असे मला ते ऐकताना वाटते. पाश्चात्त्य संगीत जाणणाऱ्यांनी या उपमेला हसावे. माझ्यापाशी दुसरी नाही.

पावसाच्या रात्रीची आख्यायिका प्रसिद्धच आहे. सांदबाई मोरिसला घेऊन सामानासाठी पाल्माला गेल्या, ओढे फुगले, गाडीवाल्याने वाटेत सोडले, आणि मध्यरात्री भिजून परत येतात तो शोपँ पियानोवर बसलेला, डोळ्यांत पाणी, समोर कोण आहे याचे भान नाही. हे सारे मेले आणि आपणही मेलो असेच त्याच्या मनाने घेतले होते. कौलांवर थेंब पडत होते ते बाईंनी त्याला ऐकायला लावले. आपण थेंबांची नक्कल केली असे म्हटलेले त्याला बिलकुल खपले नाही. हा प्रेल्यूड पंधरावा की सहावा यावर जाणते अजून भांडतात. भांडोत.

फेब्रुवारीत परत जाणे भाग झाले. रोगी डोंगर उतरेल अशी कमानींची गाडी कोणी भाड्याने देईना. बिनकमानीच्या छकड्यातून तो पाल्माला आला आणि तेथे त्याला भयंकर रक्त पडले. पियानो पाल्मातल्या एका बँकरच्या फ्रेंच पत्नीने बाराशे फ्रँकांना घेतला, म्हणून निदान तो परत नेण्याचा खर्च वाचला. १३ फेब्रुवारी १८३९ ला पुन्हा तीच एल मायोर्किन, आणि या वेळी डेकवर शंभरएक डुकरे. कप्तानाने शोपँला सर्वांत वाईट बिछाना दिला, कारण तो नंतर जाळावा लागणार होता. बार्सिलोनाच्या बंदरात एका फ्रेंच लढाऊ जहाजावरच्या डॉक्टरने रक्त थांबवले. तेथल्या विश्रांतिगृहाच्या मालकानेही निघताना पलंगाचे पैसे लावले. एका हिवाळ्यात या माणसाने किती गाद्या विकत घेतल्या आणि किती जाळल्या, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

काही वर्षांपूर्वी मुलाबरोबर मला मायोर्काला जाण्याचा योग आला. तो इंग्लंडात नोकरीला आहे. नातवाने फोनवर बोटे फिरवून आठवडाभराचे घर ठरवले, आणि मालकाचे तोंडही न पाहता आम्ही कुलपाचा आकडा दाबून आत गेलो. त्या बेटावर आता वर्षाला कोटीभराहून अधिक प्रवासी येतात. पाल्मा शहराने २०१८ साली रहिवासी इमारतींतल्या सदनिका प्रवाशांना भाड्याने देण्यावर बंदी घातली, आणि २०२४ मध्ये तर घरे आम्हालाच मिळेनाशी झाली म्हणून स्थानिक लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. वाल्देमोसाच्या मठातही घराचाच वाद. दोन कुटुंबांच्या ताब्यात शेजारशेजारच्या दोन कोठ्या, आणि शोपँ आमच्याच कोठीत राहिला असे दोघांचे म्हणणे. २०११ साली न्यायालयाने चौथ्या क्रमांकाच्या कोठीतला प्लेएल पियानोच खरा ठरवला. तो मी पाहिला. लहानसा, उभा, काळपट. वाजवण्याची मनाई आहे.

आमच्या वाटाड्याने गोमेझची गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे हसले. मला हसू आले नाही. याचे कारण आत्या नव्हे. कारण वेगळे होते. नोकरीला लागताना, १९६८ साली, माझ्या छातीचे चित्र काढले तेव्हा उजव्या बाजूला एक जुना, भरून आलेला डाग निघाला होता. मी पाचगणीला आत्याच्या शेजारी झोपत असे. त्या घरमालकाची तीन मुले अंगणात माझ्याबरोबर गोट्या खेळत. धाकटे अजून रांगत होते. हे तेव्हाही मला दिसत होते, पण हिशेबात धरायला मला पन्नासच्या वर वर्षे लागली. गोमेझला जंतू ठाऊक नव्हता. कॉखने तो १८८२ मध्ये दाखवला. पण पॅरिसच्या पंडितांपेक्षा त्याचे बरोबर होते. चुन्याचे पैसे त्याने जास्त लावले असतील, आणि आजारी माणसाला पावसात बाहेर काढण्याची तऱ्हा वाईट होतीच. तरी त्या कोठीत उभे राहून मला त्याच्यावर रागावता येईना, आणि पाचगणीच्या गृहस्थावरही पूर्वीसारखे येईना. वाकळीचे मात्र मी अजून विसरलो नाही.

आत्या वाचली. नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने मिळाली, एक कान थोडा मंद झाला, गाणे सुटले. तिने लग्न केले नाही. शाळेत शिकवले आणि १९९९ साली ती गेली. शेवटल्या वर्षांत मी तिला एकदा पंधरावा प्रेल्यूड ऐकवला आणि ही सारी हकीकत सांगितली. तिने डोळे मिटून ऐकले आणि संपल्यावर एवढेच विचारले, की त्या गादीचे किती पडले.

शोपँची हवापालटानंतरची दहा वर्षे थोडक्यात सांगतो. मार्सेयला काही महिने विश्रांती घेऊन तो सांदबाईंच्या नोआँ गावच्या घरी गेला. १८४६ पर्यंत, एक वर्ष सोडून, त्याचे सारे उन्हाळे तेथे गेले आणि त्याचे श्रेष्ठ काम बहुतांशी तेथेच झाले. तेवढेच एक घर असे, की जेथे त्याने भाडे दिले नाही. १८४७ मध्ये मुलीच्या लग्नाच्या भांडणातून दोघे तुटले. पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये क्रांती झाली, शिष्य पांगले, तो इंग्लंड-स्कॉटलंडला गेला. १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी तो शेवटचे जाहीर वाजवला. १८४९ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा मोकळी हवा सुचवली, म्हणून शायो या उपनगरात जागा घेतली. तिचे भाडे त्याला परवडणारे नव्हते. एका रशियन सरदार घराण्यातल्या बाईंनी निम्मे भाडे परस्पर मालकाला पोहोचवले आणि त्याला निम्माच आकडा सांगण्याची व्यवस्था केली. जागा फारच स्वस्त मिळाली, अशी त्याची समजूत राहिली.

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी, प्लास व्हाँदोममधल्या आणखी एका भाड्याच्या घरात, एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला. वॉर्साहून आलेली थोरली बहीण लुडविका जवळ होती. मादलेनच्या चर्चमध्ये मोझार्टचे रेक्विएम झाले, आणि ऑर्गनवर त्याचे स्वतःचे दोन प्रेल्यूड वाजले, चौथा आणि सहावा. देह पॅरिसमध्ये पेर लाशेजला पुरला. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे काढून लुडविकाने मद्यार्काच्या बरणीतून वॉर्साला नेले. ते तेथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे. १९४४ च्या उठावात जर्मनांनी ते बाहेर नेले होते, १९४५ साली त्याच्या पुण्यतिथीला ते परत आले. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी रात्रीच्या वेळी खांब उघडून बरणी न फोडता बाहेरून हृदय पाहिले, आणि २०१७ साली आपले मत प्रसिद्ध केले: क्षयच, आणि शेवटी तो हृदयाच्या आवरणापर्यंत गेलेला. बरणीच्या बुचावर नवे मेण लावून ती पुन्हा खांबात ठेवली आहे. पुढची तपासणी पन्नास वर्षांनी करावयाची, असे ठरले आहे.